पोरगी सगळं खाते, तरी वजन वाढेना: कुंभारीतली एक केस

केस एका मुलीची आहे, वय २ वर्षं ८ महिने, राहणार सोलापूरजवळ कुंभारीला, गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीत. नाव लिहीत नाही, गरजही नाही. घरात आई, वडील, आज्जी, मोठा भाऊ पहिलीत. वडील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, पाळीनं काम. आई घरी विड्या वळते. आज्जीनं आयुष्यभर विड्या वळल्या, आता डोळ्यांना दिसत नाही नीट आणि गुडघे गेलेत म्हणून ती नात सांभाळते. या वसाहतीत दहा हजार घरं आहेत आणि त्यातल्या बऱ्याच घरांचं वर्णन यापेक्षा फार वेगळं निघणार नाही.

आधी आकडे सांगते. जन्मवजन २.४ किलो, म्हणजे कमीच, अडीचच्या खाली गेलं की कमी वजनाचं बाळ धरतात. दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हा ९.५ किलो होती, ते ठीक होतं. पुढच्या आठ महिन्यांत फक्त ६०० ग्रॅम वाढली, १०.१ वर आली. डब्ल्यूएचओच्या तक्त्याप्रमाणे मधली मुलगी या काळात साडेअकरावरून तेराच्या पुढं जाते, म्हणजे दीड किलोच्या वर. उंची ८६ सेंटिमीटर, ती तक्त्यातल्या लाल रेषेच्या जरा वर. दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, १३.२ सेंटिमीटर. आता गंमत बघा, दंडघेर साडेबाराच्या वर आहे म्हणून ती कुपोषणाच्या यादीत येत नाही, उंचीच्या मानानं वजनही रेषेच्या वरच आहे, फक्त वयाच्या मानानं वजन जरासं खाली गेलंय. अशी पोरं कुठल्याच यादीत वर येत नाहीत. सॅम म्हणजे तीव्र कुपोषण असेल तर सगळे धावतात, मॅम म्हणजे मध्यम कुपोषण असेल तर निदान नोंद होते, आणि ही अशी कडेकडेनं घसरणारी पोरं अंगणवाडीच्या रजिस्टरात एक ठिपका म्हणून राहतात.

हिमोग्लोबिन बोटातल्या थेंबावर ७.९ आलं. शिरेतलं रक्त घेऊन परत केलं तर ८.६. या वयाला ११ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, ७ ते ९.९ मध्यम, त्यामुळे दोन्ही आकड्यांनी निदान तेच राहिलं, पण फरक बघण्यासारखा आहे. रडणाऱ्या पोराचं बोट दाबून दाबून थेंब काढला की त्यात रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी पण येतं आणि आकडा खाली येऊ शकतो. देशाच्या पातळीवर पण हा घोळ आहेच. २०१५-१६ च्या एनएफएचएस-४ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेच्या चौथ्या फेरीत, पाच वर्षांखालची ५८.६ टक्के पोरं अ‍ॅनिमिक निघाली, ते बोटातल्या थेंबावर होतं, आणि जवळपास त्याच काळातल्या, २०१६-१८ च्या सीएनएनएस या पोरांच्या राष्ट्रीय पोषण सर्व्हेत शिरेतलं रक्त घेतलं तर १ ते ४ वयात ४१ टक्के. वयोगट जरा वेगळा आहे, सगळा फरक थेंबामुळेच असं मी म्हणणार नाही, पण थेंबाचा हात त्यात आहे. एनएफएचएस-५ मध्ये महाराष्ट्राचा आकडा ६८.९ आला होता, तेव्हा पेपरात लई बोंबाबोंब झाली. माझं म्हणणं एवढंच की एका पोराचा निर्णय घ्यायचा असेल तर परत तपासा. ४१ पण काही कमी नाहीये.

आता खाणं. आईला विचारलं काल पोरीनं काय काय खाल्लं. आपल्या पोषणाच्या कामात याला चोवीस तासांची आठवण म्हणतात, साधी सरळ पद्धत, सगळीकडे हीच वापरतात. आई म्हणाली, "सगळं खाती की ओ मॅडम. सकाळी चहा-चपाती, दुपारी वरण-भात, संध्याकाळी भाकरी आन् भाजी, रात्री दूध. तिला कशाला नको म्हणत नाही ती." हे कागदावर मांडलं तर वाईट अजिबात दिसत नाही. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत १ ते ३ वयाला दिवसाला १०१० किलोकॅलरी लागतात, प्रोटीन १२.५ ग्रॅम, लोह ८ मिलिग्रॅम. आईनं सांगितलेल्या वाट्या मोजल्या तर उष्मांक नऊशेच्या आसपास जातात, प्रोटीन तर होऊनच जातं. मग हे वजन असं का अडकलंय आणि रक्त ८.६ का, याचं उत्तर त्या कागदात नाही.

आणि आई खोटं बोलत नव्हती हे आधी सांगते, कारण आपल्याकडे लगेच तिकडं बोट जातं, आया खोटं सांगतात, मॅडमला बरं वाटावं म्हणून सांगतात. थोडं असतं तसं. पण इथं आई तिला माहीत होतं ते खरं सांगत होती. प्रॉब्लेम असा की पोरीला दिवसभर भरवणारी ती नव्हतीच. ती सकाळी नऊ-दहाला सूप मांडीवर घेऊन बसते, पानं आदल्या रात्री भिजवून फडक्यात बांधून ठेवलेली असतात, फर्म्यानं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची, आणि संध्याकाळपर्यंत हजाराच्या आत-बाहेर विड्या झाल्या पाहिजेत कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं आहे आणि दुसऱ्या दिवशी विडी कंपनीच्या ब्रँचला नेऊन द्यायच्या, तिथं खराब म्हणून काढल्या त्या गेल्याच. या सात-आठ तासांत पोरगी आज्जीजवळ. पण आठवण कुणाची विचारली जाते? आईची. फॉर्मवर लिहिलेलंच असतं, माहिती देणारी व्यक्ती : आई.

म्हणून प्रश्न बदलून विचारले. काय खाल्लं असं न विचारता, तू पानं कापत होतीस तेव्हा पोरगी कुणाकडे होती, हजारातल्या अर्ध्या झाल्या तेव्हा ती जागी होती की झोपली होती, रडली तेव्हा कोण उठलं, उठून काय दिलं. अमेरिकेत जी पाच टप्प्यांची आठवण पद्धत वापरतात तिच्यात पण दुसरा टप्पा खास विसरलेल्या पदार्थांचाच आहे, त्यात चहा-कॉफी, गोड, तोंडात टाकायचं खारं असलं सगळं नाव घेऊन विचारतात, म्हणजे हे विसरणं जगभर आहे. फक्त तिथं ते खाणाऱ्याच्या विसरण्याबद्दल आहे. इथं सांगणाऱ्या बाईला माहीतच नाही अशी गोष्ट आहे, त्याला कितीही आठवण करून दिली तरी ती आठवणार कुठून.

उत्तर मिळालं ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, उधारीच्या खात्यात. आज्जीच म्हणाली, "मला काय ध्यानात राहत नाही बाई, दुकानदाराच्या वहीत बगा, त्यो सगळं लिवतो." तिच्याबरोबर गेले, दुकानदारानं वही उघडली. तेल, साखर, चहापत्तीच्या मधे रोज दोन-तीन ओळी, बिस्कीट ५, चिप्स ५, बिस्कीट ५, कधी गोळ्या २. महिन्याची फक्त पोरांची बेरीज साडेचारशेच्या घरात, आणि मोठा भाऊ शाळेत जातो दिवसभर त्यामुळे त्यातलं बहुतेक हिचंच. मी बरेच सर्व्हे फॉर्म बघितलेत पण इतकी प्रामाणिक आहार नोंद बघितली नव्हती, तारखेसकट, आणि लिहिणाऱ्याला कुणाला बरं वाटावं अशी काही इच्छा नाही, त्याला फक्त पैसे वसूल करायचेत!

तिच्या एका दिवसाची बिस्किटं वजनकाट्यावर ठेवली तर साधारण ८० ग्रॅम. साधं ग्लुकोज बिस्कीट शंभर ग्रॅमला साडेचारशे किलोकॅलरी देतं, म्हणजे ३६० झाले. चिप्सचे ऐंशीच्या आसपास. वर तीनदा अर्धा-अर्धा कप चहा, साखर दुधासकट दीडशे धरा. एकूण ५९०, दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. मग दुपारी वरण-भाताला चार घास आणि संध्याकाळी भाकरीचा एक कुटका, बाकी ताटात. आईला ताट वाढलेलं आठवतं, ती वाढते पण, उरलेलं आज्जी खाते किंवा भाऊ. पोट भरलेलं, म्हणून पोरगी भुकेली दिसत नाही, रडत नाही, चिडत नाही, उलट गुटगुटीत गाल बघून शेजारीण म्हणते की बरी आहे की तब्येत.

रक्ताचं पण इथंच कळलं. ज्वारीत लोह आहे, शंभर ग्रॅमला ४ मिलिग्रॅमच्या आसपास, बाजरीत त्याहून जास्त. पण धान्यातलं लोह अंगाला फार थोडं लागतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर आहे तेही निम्म्याहून खाली येतं, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. ही पोरगी चहात भाकरी बुडवून खायची, म्हणजे जी काय लोहाची भाकरी पोटात जात होती ती नेमकी चहाबरोबर. लिंबू, पेरू, आवळा उलटं काम करतात, लोह शोषायला मदत करतात, आणि लिंबू तर घरात होतंच, फक्त मोठ्यांच्या ताटात.

आता मुख्य प्रश्न, की आज्जी पुडा का देते. सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे अडाणीपणा, लाड, समजावून सांगा. पोस्टर लावा. ते पोस्टर अंगणवाडीत आहेच, त्यावर हिरव्या भाज्या आणि एक हसरं बाळ. पण आज्जीशी निवांत बोललं तर वेगळंच निघतं. आईचे हात दिवसभर तंबाखूचे. त्या हातानं पोरीला भरवायचं नाही हे आज्जीला पक्कं माहीत आहे, तिच्या सासूनं तिला सांगितलंय, आणि ते बरोबरच आहे. भरवायचं तर आईनं उठून साबणानं हात धुवायचे, भरवायचं, परत येऊन बसायचं, परत हात भरायचे. या उठण्याबसण्यात वीस मिनिटं जातात. तासाला शंभर-सव्वाशे विड्या होतात म्हणजे वीस मिनिटांच्या पस्तीस-चाळीस. दिवसातून तीनदा उठली तर शे-सव्वाशे विड्या गेल्या, आणि हा हिशोब आईनंच मला करून दाखवला, बोटावर, विचारायच्या आधी. आज्जीला गॅसपाशी उभं राहवत नाही, दिसत नाही म्हणून भाजण्याची भीती. मग उरतं काय, तर असं काहीतरी जे शिजवायला नको, ज्याला हात धुवायला नकोत, पोरीला स्वतःच्या हातानं खाता येईल, आणि पैसे आत्ता नाही दिले तरी चालतील. पाच रुपयाचा पुडा हे सगळं करतो. त्या घराला पडलेल्या अडचणीवर तो इतका नेमका बसतो की मी आज्जीच्या जागी असते तर मीही तोच दिला असता.

इथं एक कायद्याची गोष्ट सांगून टाकते. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या जागेत काम करणाऱ्या बायकांच्या संख्येवर. पान-तंबाखू घरी आणून वळणाऱ्या बाईचा कारखाना म्हणजे तिची खोली, तिथं कसलं पाळणाघर. तीन वर्षांखालच्या पोराला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, तो या घरात येतो आणि चौघांत संपतो. बाहेरून कुणी येऊन पोरगी सांभाळणार नव्हतं, हे धरूनच पुढचं करायचं होतं.

म्हणून केलं काय, तर पुडा बंद करा हे वाक्य आम्ही बोललोच नाही. पुड्याच्या अटी पाळणारं दुसरं काय आहे ते शोधलं, आणि सोलापुरात ते शोधायला लांब जावं लागत नाही. कडक भाकरी! पातळ, कुरकुरीत, डब्यात आठवडाभर टिकते, पोरीच्या हातात मावते, दात आलेत सगळे त्यामुळे चावते मजेत. आई रविवारी ज्वारीच्या भाकऱ्या करते तेव्हाच जास्तीच्या थापून कडक करून ठेवायला लागली. त्याच्या जोडीला शेंगदाण्याचा कूट. शेंगाची चटणी या घरात रोजची आहे, उखळात कुटलेली, फक्त तिखट-लसणाच्या आधी दोन मुठी कूट बाजूला काढायचा, त्यात गूळ मळून लहान लाडू. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २४ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि पाचशेच्या वर किलोकॅलरी, म्हणजे छोट्या पोटाला थोड्यात जास्त. एक गोष्ट आज्जीला दोनदा सांगितली, अख्खा शेंगदाणा द्यायचा नाही, या वयात घशात अडकतो. कूटच.

अंडं. दुकानात अंडी आहेत, सहा-सात रुपयाला एक, त्याच वहीवर मिळतात, एवढं फक्त दुकानदाराला विचारायचं होतं. सकाळी चहाच्या वेळी आई दोन अंडी उकडून ठेवते, एक शाळेत जाणाऱ्याला आणि एक हिला, सोलून वाटीत झाकून. सोमवारी नाही, गुरुवारी नाही, श्रावणात अजिबात नाही, त्यावर वाद घातला नाही. त्या दिवशी फुटाण्याचं पीठ गूळ घालून.

चहावर मात्र आज्जी अडली. "चहा न्हाई दिला तर ती माज्याकडं बगून रडती, मी पिताना कसं काय." शेवटी ठरलं की चहा जेवणाबरोबर नाही, मधे एकदा, दोन घोट, आणि वरणावर लिंबू पिळायचं. आदर्श नाहीये. दोन घोटावर थांबतं असं मला वाटत पण नाही.

औषधाचं वेगळं रामायण. आरोग्य केंद्रातून लोहाचं सिरप डॉक्टरांनी वजनावरून डोस लिहून दिलं, दोन वर्षांच्या वर आहे म्हणून जंताची गोळी पूर्ण, चुरून. सिरप चार दिवसांत बंद. शी काळी झाली म्हणून. कुणी सांगितलंच नव्हतं की लोहानं शी काळी होते आणि त्यात काही वाईट नाही, हे एक वाक्य बाटली देताना बोललं तर किती बाटल्या वाचतील देव जाणे. परत चालू केलं, दुधात घालून द्यायची सवय मोडली, आणि वेळ ठरवली वडिलांची. तेव्हापासून सिरप चुकलं नाही, कारण पहिल्या पाळीहून आले की हात धुऊन पोरीला उचलणं हे ते तसंही करत होतेच, त्यात फक्त एक चमचा वाढला. बापाला फॉर्मवर जागाच नसते, म्हणून त्याला कुणी काही सांगत नाही.

भाज्यांचं थोडक्यात सांगते. पालक थुंकला, मेथी थुंकली. लहान पोराला नवी चव आठ-दहा वेळा समोर यावी लागते हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण आठ-दहा वेळा थुंकलेली भाजी परत करायचा धीर आणि भाजीचे पैसे कुणाकडे असतात. चुक्याची आंबट डाळ मात्र पहिल्या दिवसापासून खाल्ली, मग चुकाच धरला.

तीन महिन्यांनी वजन १०.९, म्हणजे तीन महिन्यांत ८०० ग्रॅम, आधीच्या आठ महिन्यांपेक्षा जास्त. हिमोग्लोबिन शिरेतलं १०.४. अजून ११ झालं नाही, सिरप चालू. उंची सेंटिमीटरभर वाढली, तिच्यावर बोलायला अजून वर्ष लागेल. यात सिरपचा वाटा किती आणि खाण्याचा किती हे एका पोरीवरून वेगळं काढता येत नाही, रक्ताचं श्रेय मी तर सिरपलाच जास्त देईन. पण वजन सिरपनं एवढं वाढत नाही. दुकानाची वही परत बघितली, आज्जीच्या परवानगीनं, तर पोरांची बेरीज दोनशेच्या आत आली होती आणि अंड्यांची नवी ओळ होती, म्हणजे एकूण खर्च कमी झालेला नाही, थोडा वाढलाच असेल. हे लिहिलं पाहिजे कारण आपण सरसकट सांगतो की घरचं खाणं स्वस्त पडतं.

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आली, गड्ड्यावर म्हणजे जत्रेत पोरांना नेलं, पाहुणे आले, पुढचे पंधरा दिवस वही परत बिस्किटांनी भरली. मग आपोआप खाली आली. कडक भाकरी टिकली कारण ती आज्जीला स्वतःला आवडते, ती आणि नात दोघी मिळून डबा संपवतात, आई ओरडते. उन्हाळ्याची मला खरी धास्ती आहे, इथं पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की पोरं जेवतच नाहीत आणि पिशवीतल्या रंगीत बर्फावर दिवस काढतात, अंडी तेव्हा आज्जी उष्ण म्हणून बंद करणार हे तिनं आताच सांगून ठेवलंय. ताक आणि ज्वारीच्या कण्यांची आंबील ठरलीय, बघू.

फॉर्मचं म्हणाल तर आमच्या टीममध्ये एक रकाना वाढवला, आई कामावर बसते तेव्हा पोराजवळ कोण, आणि खाण्याचे प्रश्न त्या माणसाला वेगळे विचारायचे. वेळ जास्त जातो. डब्ल्यूएचओ-युनिसेफनं २०२१ ला लहान बाळांच्या आहाराचे निर्देशांक सुधारले, त्यात गोड पेय आणि निकृष्ट खाणं हे आता वेगळं मोजतात, पण ते ६ ते २३ महिन्यांपर्यंतच, अडीच वर्षाच्या पोराला तिथं पण कुणी विचारत नाही.

एक गोष्ट राहिलीय. पोरीची तपासणी झाली त्याच दिवशी आईचं पण हिमोग्लोबिन केलं होतं, ९.२ आलं. गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी ९.४, म्हणजे काहीच नाही. उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं, आणि ती जेवते दुपारी तीनला, विड्यांचा पहिला मोठा भाग झाल्यावर, कधी चहावरच भागवते. "माजं काय ओ, पोरीचं बगा आदी" असं म्हणून तिनं विषय संपवला होता. आता रात्रीच्या जेवणानंतर गोळी घ्यायची असं ठरवलंय आणि तेही वडिलांनी सिरपबरोबरच हातात द्यायची. पुढची तपासणी तिची आहे, ब्रँचला सुट्टी असेल त्या दिवशी, बाकी दिवशी येणार नाही असं तिनं सांगितलंय.